जनुकाची जादा प्रत तयार झाली, तर तिच्यातून नवं काम करणारं प्रथिन कसं घडतं?

एक प्रत जुनं काम सांभाळते, म्हणून दुसरीतले बदल जिवावर बेतत नाहीत. त्यातला एखादा उपयोगी ठरला की नैसर्गिक निवड तो टिकवते. याचं फार सुंदर उदाहरण म्हणजे व्हिएतनाम-लाओसकडचं पानं खाणारं डूक माकड, ज्यावर जियानझी झांग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये काम प्रसिद्ध केलं. त्याच्या जठरात जिवाणू पानं आंबवतात आणि पुढे लहान आतड्यात ते जिवाणूच पचतात. त्यांच्या आरएनएमधला नायट्रोजन वाया जाऊ नये, म्हणून आरएनए तोडणारं विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) भरपूर लागतं. या विकराचं जनुक दुप्पट झालं. जुन्या प्रतीचं विकर पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ७.४ ला सर्वांत जोमानं चालतं, नवीचं ६.३ ला, आणि या माकडांच्या लहान आतड्यातला पीएच ६ ते ७ च असतो! नव्या प्रतीत नऊ अमिनो आम्लं बदलली. त्यातल्या सात बदलांनी प्रथिनावरचा ऋणभार वाढवला, म्हणून ते कमी पीएचला जोमानं चालू लागलं. मोबदल्यात दुपदरी आरएनए तोडण्याची क्षमता गेली, पण ते काम जुनी प्रत करतेच. मात्र असं क्वचितच जुळतं: बहुतेक जादा प्रती उत्परिवर्तनांनी मोडतात आणि निकामी छद्मजनुकं होऊन पडून राहतात.