गाडी रात्री कुठे उभी राहते?

प्रश्न : ताई, माझी स्वतःची टॅक्सी आहे. शहरातल्या शहरात दिवसाला साधारण २२० किलोमीटर होतात. पेट्रोलची गाडी आता दमली आहे. शोरूमवाले विजेच्या गाडीसाठी मागे लागलेत. एका चार्जमध्ये ४०० किलोमीटर जाते म्हणतात. पण माझ्या ओळखीच्या एकाने घेतली, तर तो अर्धा वेळ चार्जिंगच्या रांगेत दिसतो. मी तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, गाडी खाली रस्त्याकडेला लावतो. घ्यावी का?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलीत, ती म्हणजे गाडी रस्त्याकडेला लावता. मी टॅक्सीवाल्यांचा जमाखर्च लिहिते. विजेच्या गाडीवर ज्यांचं छान चाललंय आणि ज्यांचा हप्ता थकलाय, अशा दोघांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की गाडी बऱ्याचदा एकच निघते. रात्रीची जागा मात्र वेगळी असते.

आधी ते ४०० किलोमीटर बघू. हा आकडा ठरावीक चाचणीत मिळालेला असतो. रस्त्यावर, एसी लावून, सामानासकट माणसं बसवून त्यातले २९० मिळाले तरी चांगलं म्हणायचं. एवढी रेंज देणाऱ्या गाडीत साधारण ४५ युनिटची बॅटरी असते, म्हणजे १०० किलोमीटरला साडेपंधरा युनिट लागतात. तुमचे रोजचे २२० त्यात आरामात बसतात, पण सकाळी गाडी पूर्ण भरलेली असेल तरच. रात्री भरायची सोय नसेल तर तुम्ही बाहेरच्या सार्वजनिक फास्ट चार्जरवर जाणार. तिथे कोणी १०० टक्के भरत बसत नाही, कारण ८० टक्क्यांनंतर बॅटरी जपण्यासाठी चार्जिंगचा वेग उतरतो आणि शेवटचे टक्के फार वेळ खातात. खाली २० टक्क्यांच्या आतही कोणी गाडी नेत नाही. ऐन वेळी लांबचं भाडं आलं तर काय? म्हणजे हाती उरतात ६० टक्के, जेमतेम १७५ किलोमीटर. तुमच्या धंद्याला हे कमी पडतात. मग दिवसातून दोनदा थांबा, प्रत्येक वेळी ५० किलोवॉटच्या चार्जरवर पाऊण तास, शिवाय रांग, शिवाय तिथवर रिकामं जाणं. तुमचा ओळखीचा चालक रांगेत दिसतो तो याचमुळे. त्याच्या गाडीत खोट असेल असं मला वाटत नाही.

आता रात्रीच्या सोयीबद्दल. घरच्या मोठ्या प्लगवर चार्ज होईल असं शोरूमवाले सांगतात. होतं, पण किती, हे विचारा. १५ अँपिअरचा प्लग ताशी ३.३ युनिट देतो. गाडी आठ तास उभी राहिली तर साडेसव्वीस युनिट. त्यातलं दहाएक टक्के भरतानाच वाया जातं. उरलेल्यात १५० किलोमीटर होतात. घरून ऑफिसला जाणाऱ्याला हे आठवडाभर पुरेल, तुम्हाला एक दिवसही पुरत नाही. टॅक्सीला ७.२ किलोवॉटचा, म्हणजे ताशी ७.२ युनिट देणारा, चार्जर हवा. त्यावर तुमचा दिवसभराचा खर्च, नुकसान धरून ३८ युनिट, साडेपाच तासांत भरतो. तुम्ही झोपून उठाल तेव्हा गाडी तयार असेल. पण त्यासाठी मीटरवर तेवढा भार मंजूर लागतो, जागामालकाची परवानगी लागते, आणि जागा तुमच्या नावाची किंवा निदान ठरलेली लागते. घराजवळ रात्रपाळीचं पार्किंग भाड्याने देणारा कोणी असेल तर त्याच्याशी बोला. दोनतीन चालक मिळून गेलात तर तो चार्जर बसवायला तयार होण्याची शक्यता जास्त.

खर्चाचा हिशेब मी सगळ्यांना एकाच पद्धतीने मांडून दाखवते. गर्दीत तुमची पेट्रोलची गाडी लिटरला १४ देत असेल, तर १०० किलोमीटरला सात लिटर. विजेच्या गाडीला तेवढ्याच अंतराला, नुकसान धरून, १७ युनिट. म्हणजे एका लिटरच्या पैशात अडीच युनिट मिळत असतील तर दोन्ही गाड्यांची बरोबरी. पाच मिळाले तर इंधनाचा खर्च निम्म्यावर आला. तुमच्या मीटरच्या दराने एका लिटरमागे किती युनिट येतात ते काढा, मग फास्ट चार्जरच्या दराने काढा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान येईल. शोरूमचा कागद घरच्या दराने केलेला असतो आणि रस्त्यावर गाडी लावणारा माणूस चार्जरच्या दराने भरतो, ही गोष्ट मला मनापासून सलते. कर्ज त्या कागदावर निघतं आणि फेडावं लागतं दुसऱ्याच दराने.

वॉरंटीकडेही बघा. बॅटरीला बऱ्याच कंपन्या आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात, यातलं जे आधी संपेल ते. महिन्याला २६ दिवस धरले तर तुमची गाडी वर्षाला ६८ हजारांच्या वर जाते. सव्वादोन-अडीच वर्षांत वॉरंटी संपते आणि हप्ते तेव्हा अर्धेही झालेले नसतात. खासगी गाडीची वॉरंटी टॅक्सीला लागू होईलच असं नाही, म्हणून भाड्याच्या वापरासाठीची अट लेखी मागा. बॅटरी त्या दिवशी बंद पडत नाही, तिची ताकद हळूहळू उतरते. त्यातल्या त्यात लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्या. ती जास्त वेळा भरणं-उतरणं सोसते.

आता चांगली बाजू, आणि ती मोठी आहे. सिग्नल, ब्रेक, पुन्हा सिग्नल असं शहरी चालवणं विजेच्या गाडीला मानवतं, कारण वेग कमी करताना मोटर वीज परत बॅटरीत टाकते. ब्रेक लायनर त्यामुळे जास्त टिकतात. इंजिन ऑइल नाही, क्लच प्लेट नाही. टायर मात्र लवकर झिजतात, वजन आणि मोटरची ओढ दोन्ही जास्त, तो खर्च वहीत धरा. भाड्याची वाट बघत एसी लावून उभं राहिलात तर तासाला एक-दीड युनिट जातं; इंजिन चालू ठेवून पेट्रोल जाळण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. आणि दिवसभर क्लच दाबून ज्यांचा डावा गुडघा गेलाय, त्यांना या गाडीने दिलेला आराम मी डोळ्यांनी बघितलाय. तो जमाखर्चात कुठे लिहायचा हे मला अजून कळलेलं नाही, पण धरायला हवाच.

तुमच्यापुरतं उत्तर : आत्ता नको. आधी रात्रीची जागा आणि ७.२ किलोवॉटचा चार्जर लेखी ठरवा. ते जमलं तर बिनधास्त घ्या, शहरातल्या २२० किलोमीटरला ही गाडी उत्तम आहे. जमत नसेल तर जुन्या गाडीचं काम करून वर्षभर काढा. बुकिंगची रक्कम तोवर भरू नका.

प्रश्न : आमची एकच गाडी दोघं चालवतो, दिवसपाळी मी आणि रात्रपाळी मेहुणा. गाडी थांबतच नाही. आम्हाला जमेल का?

उत्तर : तुमच्यासाठी रात्रीच्या चार्जिंगचा मुद्दाच उरत नाही. सगळं ओझं फास्ट चार्जरवर येतं, आणि किलोमीटर दुप्पट म्हणून वॉरंटीही निम्म्या काळात संपते. उतरलेली बॅटरी काढून लगेच भरलेली बसवून देणारं केंद्र तुमच्या फेऱ्यांच्या वाटेवर असेल तरच विचार करा. ही युक्ती जुनी आहे. १८९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विजेच्या टॅक्स्या धावत होत्या, त्यांच्या शिशाच्या जड बॅटऱ्या आगारात यंत्राने काढून भरलेल्या बसवत. आज चीनमध्येही टॅक्सीसाठी बॅटरीबदल केंद्रं चालतात. तिथल्या शेनझेन शहरात २०१८ अखेर जवळपास सगळ्या टॅक्स्या विजेवर आल्या, पण त्यामागे सरकारी अनुदान आणि आधी उभारलेले हजारो चार्जर होते. एकट्यादुकट्या मालकाने त्या उदाहरणावर कर्ज काढू नये. जवळ केंद्र नसेल तर पाळी बदलताना पाऊण तास गाडी भरता येते का, एवढंच तपासा. त्या वेळी चार्जरवर कोण कोण येतं ते आठवडाभर स्वतः जाऊन बघा. पाळी सगळ्यांचीच त्या सुमारास बदलते.

प्रश्न : हायवेची भाडी जास्त असतात. सेकंडहँड विजेची टॅक्सी स्वस्तात मिळतेय.

उत्तर : हायवेसाठी घेऊ नका. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो (वेग दुप्पट तर विरोध चौपट), ब्रेक कमी म्हणून वीज परत येत नाही, आणि रेंज डोळ्यांदेखत उतरते. शहरासाठी घ्यायची झाली तरी विक्रेत्याकडून बॅटरीच्या शिल्लक ताकदीचा, म्हणजे एसओएचचा, सर्व्हिस सेंटरचा रिपोर्ट मागा. पूर्ण भरलेली गाडी एसी लावून २० टक्क्यांपर्यंत स्वतः चालवा आणि किलोमीटर वहीत लिहा. विक्रेता त्याला तयार होत नसेल तर गाडी सोडून द्या.