अनुदानातून बसवलेल्या निर्धूर चुली बायकांनीच का मोडल्या? त्यांना धूर चालत होता का?

नाही, धूर कुणालाच नको होता. त्या चुलीने धूर कमी केला तरी बाईचं काम वाढवलं, म्हणून ती टिकली नाही. केंद्राचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला आणि २००२ मध्ये बंद पडला. देशभर ३ कोटींहून जास्त चुली बसल्याची नोंद झाली, पण लक्ष बसवलेल्या आकड्यावर होतं, पेटणाऱ्या चुलीवर नाही. चुलीचं तोंड अरुंद, त्यामुळे लाकूड बारीक फोडावं लागे, आणि ते फोडणार कोण? तिनेच. मागच्या वैलाला, म्हणजे चुलीच्या दुसऱ्या तोंडाला, आच पुरत नसे. भाकरी तव्यावरून काढून शेकायला पुढे निखारे ओढावे लागतात, त्याला जागाच नव्हती. धुराड्यात काजळी साचली की धूर पुन्हा घरात. ते साफ करायला कौलांवर चढायचं, आणि नळी फुटली तर नवी गावात मिळत नसे. हे सगळं आधी स्वयंपाक करणारीला विचारलं असतं तर कळलं असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मात्र सगळीकडे असंच झालं नाही. जिथे गावातल्याच बायका चूल घालायला शिकल्या आणि आपल्या भांड्यांच्या मापाने तोंड ठेवलं, तिथे दुरुस्तीही घरच्या घरी होई. २०१६ च्या उज्ज्वला योजनेत गॅसजोडणी बाईच्या नावावर आली, हे चांगलंच. पण सिलिंडर पुन्हा भरायचे पैसे अनेक घरांत अजूनही दुसऱ्याच्या खिशात असतात.