एक्सेलची फाइल उघडताना दर वेळी येणारी ‘लिंक अपडेट करायच्या का?’ ही विचारणा कशी थांबवावी?

कार्यालयातील सामायिक फोल्डरमधली फाइल उघडताच अशी विचारणा होत असेल, तर त्या फाइलमधील एखादे सूत्र दुसऱ्या वर्कबुकातून (म्हणजे एक्सेलच्या दुसऱ्या फाइलमधून) आकडे घेत आहे, असा बहुधा त्याचा अर्थ होतो; या जोडणीलाच लिंक म्हणतात. म्हणून सूचना बंद करण्यापूर्वी ती लिंक हवी आहे की नको, हे ठरवावे.

लिंक नको असल्यास ‘डेटा’ टॅबमधील ‘एडिट लिंक्स’ उघडून (नव्या आवृत्तीत याचे नाव ‘वर्कबुक लिंक्स’ आहे) ‘ब्रेक लिंक’ निवडावे. मात्र त्यामुळे सूत्रांच्या जागी त्या क्षणीचे आकडे कायमचे बसतात आणि ही क्रिया ‘अनडू’ने मागे घेता येत नाही, तेव्हा आधी फाइलची प्रत काढून ठेवावी. एवढे करूनही सूचना येत राहिली, तर लिंक बहुधा ‘नेम मॅनेजर’मधील (सेलना दिलेल्या नावांच्या यादीतील) एखाद्या जुन्या नावात, डेटा व्हॅलिडेशनमध्ये (सेलमध्ये काय भरता येईल याच्या नियमात) किंवा कंडिशनल फॉरमॅटिंगच्या (अटीनुसार सेलचे रूप बदलणाऱ्या) नियमात दडलेली असते. खरा वेळ जातो तो तिथेच.

लिंक हवी असल्यास ‘एडिट लिंक्स’मधील ‘स्टार्टअप प्रॉम्प्ट’मध्ये सूचना न दाखवता लिंक अपडेट करण्याचा पर्याय निवडून फाइल जतन करावी, ही निवड त्या फाइलसोबतच राहते. ‘ऑप्शन्स’च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ विभागातील ‘आस्क टू अपडेट ऑटोमॅटिक लिंक्स’वरील खूण काढण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण तो मला पटत नाही, कारण तो बदल तुमच्या एक्सेलमध्ये उघडणाऱ्या सर्वच फाइलींना लागू होतो आणि सहकाऱ्यांच्या संगणकांवर विचारणा पूर्वीसारखीच चालू राहते.