पिल्लू कुणाला द्यायचं? पगार विचारू नका, दिवसभर घरी कोण असतं ते विचारा

प्रश्न असा आहे : "रस्त्यावर सापडलेलं पिल्लू दीड महिना घरी सांभाळलं. आता एक कुटुंब दत्तक घ्यायला तयार आहे. माणसं चांगली आहेत हे कसं ओळखायचं? देताना काय काळजी घ्यायची? आणि आपल्याला फार त्रास होऊ नये म्हणून काय करायचं?"

शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण ते छोटं आहे. त्रास होतो. होऊ द्या. दोन दिवस जेवण जात नाही, मग लादी पुसताना लक्षात येतं की आज कुणी मुतलेलं नाही, आणि जरा बरं वाटतं. आमच्या शेजारच्या काकू दर वेळी विचारतात, "मुलगी सासरी पाठवल्यासारखं वाटत असेल ना गं?" नाही वाटत. मुलगी फोन करून सांगते तिकडे काय चाललंय ते. कुत्र्याला सांगता येत नाही, म्हणून तर तुमच्या पहिल्या प्रश्नावर एवढं डोकं लावायचं.

त्या पहिल्या प्रश्नावरूनच एका रेस्क्यू ग्रुपशी माझं वाजलं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. मी निःपक्षपाती नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मी पुण्यात कर्वेनगरला घरीच पाचवी ते आठवीच्या शिकवण्या घेते. पिल्लं माझ्याकडे येतात ती याच कारणाने. दिवसभर घरात माणूस असतं आणि संध्याकाळी पोरांच्या गराड्यात पिल्लू आपोआप माणसाळतं. जिच्यावरून वाजलं ती भिंगरी आली भर पावसाळ्यात, एका अर्धवट बांधकामावरून. भावंडं डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाने गेली होती. हिला ताप, नाक वाहतंय, डोळे चिकटलेले. डिस्टेंपरच्या विषाणूला मारणारं औषध नाही. सलाइन, वर दुसरं इन्फेक्शन बसू नये म्हणून अँटिबायोटिक, सिरिंजने पातळ खाणं, कोमट पाण्याने डोळे पुसणं, आणि वाट बघणं. तापातून उठली तेव्हा नवऱ्याने पेढे आणले. ते संपले, आणि मग कधीतरी एका सकाळी झटके सुरू झाले. या रोगाचं हेच वाईट आहे. बरं झालं म्हणून आपण सुस्कारा सोडतो आणि तो तोवर मेंदूपर्यंत पोचलेला असतो.

डॉक्टरांनी फेनोबार्बिटोन ही झटक्यांवरची गोळी सुरू केली. झटके आटोक्यात आले, पण मागचा डावा पाय उडायला लागला तो कायमचाच, झोपेतसुद्धा, एका ठेक्यात. पक्के दात आले ते पिवळट आणि खडबडीत, कारण लहानपणी डिस्टेंपर झाला की दातांवरचं कवच नीट तयार होत नाही. नाव पोरांनी ठेवलं. खूश झाली की ती स्वतःभोवती गरागरा फिरायची, आणि त्या पायामुळे दर फेरीत एकदा बुडावर बसायची.

काळी, मादी, पाय उडणारी आणि रोज दोन गोळ्या. दत्तक देण्याच्या बाजारात यापेक्षा पडेल माल नाही. फोन यायचे. "नर नाहीये का?" "लॅब्रॅडॉर मिक्स वाटतंय का थोडं?" "जरा उजळ रंगाचं असलं तर कळवा." मादी नको असण्याचं कारण एकच, पिल्लं. नसबंदी करूनच देणार आहे म्हटलं तरी पलीकडून "बघतो, सांगतो".

शेवटी ग्रुपने एक कुटुंब शोधलं. बाणेरला तीन बेडरूमचा फ्लॅट, नवरा-बायको दोघंही आयटीत, फॉर्म असा भरलेला की मी शिकवणीत असतं तर पैकीच्या पैकी मार्क दिले असते. ग्रुपची माणसं घर बघून आली. बाल्कनीला जाळी आहे, जवळ जनावरांचा दवाखाना आहे, सगळं छान. भिंगरी गेली आणि दोन आठवड्यांच्या आत परत आली. कारणं तीन सांगितली. सोसायटीने नोटीस लावली, येणारा-जाणारा पायाबद्दल विचारतो, आणि आईंना घरात केस चालत नाहीत.

पहिलं कारण कारणच नव्हतं. पाळीव कुत्र्यावर बंदी घालायचा अधिकार सोसायटीला नाही, सभेत बहुमताने ठराव झाला तरी नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलंय, कुत्र्याला लिफ्टमधून न्यायला बंदी घालता येत नाही हेही त्यातच आहे. तो कागद पाठवू का विचारलं तर नको म्हणाले. खरं कारण तिसरं. ग्रुपची माणसं घर बघायला गेली तेव्हा आई गावी होत्या. दोघं ऑफिसला गेल्यावर दिवसभर कुत्री ज्यांच्याजवळ राहणार त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मला त्या आईंचा अजिबात राग नाही. न विचारता कुणी माझ्या गळ्यात आजारी जनावर मारलं असतं तर मीही केसांचंच कारण काढलं असतं. पण मधल्या मध्ये गोळ्यांच्या वेळा चुकल्या. ही गोळी एकदा सुरू केली की अशी मनाला येईल तशी देता येत नाही, अचानक थांबवली की झटके उसळतात. भिंगरीला माझ्याकडे आल्या रात्रीच झटका आला.

मग धायरीहून फोन आला. पिठाची गिरणी, मागे दोन खोल्या. गिरणीवाला, त्याची बायको, शाळेतली मुलगी आणि म्हातारे वडील. 'तासाभराने येतो' अशी पाटी शटरला लावून चौघंही माझ्याकडे आले. मी चहा ठेवला तोवर म्हातारेबुवा जमिनीवर बसले होते आणि भिंगरी त्यांच्या धोतराचा सोगा चावत होती. बायकोने विचारलेला पहिला प्रश्न, "झटका आला की हिला धरायचं का सोडायचं?"

इतक्या फोनांमध्ये हे कुणी विचारलं नव्हतं. (सोडायचं. आजूबाजूच्या वस्तू बाजूला करायच्या, तोंडात हात घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेला तर थेट दवाखाना.) गोळ्या बारा-बारा तासांनी आहेत म्हटल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "सकाळी आठला शटर उघडताना एक, रात्री आठला पाडताना एक. विसरायचा प्रश्नच नाही." त्याने खर्च विचारला. गोळ्या महाग नाहीत, पण अधूनमधून रक्त तपासून लिव्हर बघावं लागतं, त्याचे पैसे सांगितले. त्याने मनात हिशेब केला आणि मान हलवली. मला अशी माणसं आवडतात. "पैशाचं काय घेऊन बसलात" म्हणणाऱ्यांपेक्षा पैसे विचारणारा बरा. म्हातारेबुवांची शंका निराळीच होती. ही मोटरच्या आवाजाला बिचकेल का? मी म्हटलं बघावं लागेल. "मग न्यायच्या आधी एक दुपार आणून बसवा की." बसवली. मोटर सुरू झाली तशी खाटेखाली घुसली. तिसऱ्या दळणाला बाहेर आली आणि ज्वारीच्या डब्यात तोंड घालून शिव्या खाल्ल्या.

मी ग्रुपवर कळवलं, आणि ग्रुपच्या प्रमुख ताईंचा फोन आला. "अहो, गिरणीत साखळीला बांधून ठेवतील. दोन खोल्यांत चार माणसं, त्यात कुत्रं? आणि बारा तासांच्या गोळ्या वगैरे अशा लोकांना जमत नाही." फॉर्ममध्ये मासिक उत्पन्नाचा रकाना आहे, स्वतःचं घर की भाड्याचं याचा आहे, घर किती चौरस फुटांचं याचा आहे. दुपारी घरी कोण असतं, हा रकाना नाही. मी तेवढंच म्हटलं की बाणेरला सगळे रकाने भरलेले होते. त्या म्हणाल्या, तो अपवाद होता. "अशा लोकांना" हे शब्द माझ्या डोक्यात गेले ते आजतागायत गेलेत. मी स्वतः दोन खोल्यांत वाढले, सहा माणसांत, आणि आमच्याकडे मोती होता. तो अठरा-वीस तास झोपायचा, बाकी वेळ दारात बसायचा. कुत्र्याला चौरस फूट लागत नाहीत. त्याला दिवसातून दोनदा बाहेर नेणारं आणि उरलेल्या वेळात आसपास वावरणारं माणूस लागतं. भिंगरी मी धायरीला दिली. ग्रुपने मला काढून टाकलं. याला बरीच वर्षं झाली. भिंगरी तिथेच आहे, पाय अजून उडतो, जाडजूड झाली आहे आणि गिऱ्हाइकांच्या पिशव्या हुंगून झाल्याशिवाय दळण आत जाऊ देत नाही.

तर तुमच्या कुटुंबाचं. घरी जा, आणि घरातलं प्रत्येक माणूस हजर असेल तेव्हाच जा. कामवाल्या मावशी असतील तर त्यांनाही विचारा, कुत्र्याला भिणाऱ्या असतील तर उद्या त्या तरी जातील नाहीतर कुत्रं तरी. कोण गप्प बसलंय ते बघा. जो सगळ्यात जास्त बोलतोय त्याचं नव्हे, जो गप्प आहे त्याचं मत महत्त्वाचं. लग्न, बाळंतपण, बदली असं वर्षाभरात काही आहे का ते आडून नाही, सरळ विचारा. आधी कुत्रं होतं म्हणाले तर ते कसं गेलं ते विचारा. "दिलं एकाला" असं उत्तर आलं की चहा पिऊन उठा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी स्वतः फोनवर बोला. ती त्यांची लायकी काढणं नव्हे, परत आलेल्या कित्येक कुत्र्यांमागे घरमालकच असतो.

द्यायच्या दिवशी पिल्लू तुम्ही त्यांच्या घरी घेऊन जा. पेट्रोल पंपावर, चौकात, गाडीतून गाडीत असं कधीही देऊ नका. पळून जाणारी कुत्री बहुतेक या पहिल्या काही दिवसांतच पळतात. गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही घाला, दोर दोन्हीला. ज्या गोधडीवर झोपतं ती न धुता सोबत द्या. आठवडाभर तुमच्याकडचंच जेवण चालू ठेवायला सांगा, नाहीतर जुलाब होतात आणि लोक घाबरून फोन करतात की तुम्ही आजारी पिल्लू दिलं. कांदा, मनुका, चॉकलेट नको, आणि ताप आला म्हणून माणसाची गोळी तर नकोच. पॅरासिटामॉलनेही कुत्रं मरू शकतं. लसीकरणाचं पुस्तक द्या, पुढची तारीख स्वतः लिहून द्या. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, हे त्यांना तोंडपाठ असायला हवं. विसर्जनाच्या किंवा दिवाळीच्या आठवड्यात देऊ नका, थांबा. आणि पहिल्या महिन्यात "रमलं नाही" म्हणून फोन आला तर लगेच परत आणायला धावू नका. पहिले दोन-तीन दिवस ते कोपऱ्यातून हलत नाही, आणि घर आपलं वाटायला दोन-तीन महिने जातात. आधी बोला, मग ठरवा. परत यायचंच असेल तर मात्र तुमच्याकडेच यायला हवं, दुसऱ्या कुणाला परस्पर नाही, हे लेखी घ्या.

हे सगळं मी गिरणीवाल्याच्या बाजूने लिहिलंय, पण ताईंची भीती खोटी नाही, हेही सांगायला हवं. गोडाऊनवर, बांधकामावर, शेतावर राखणीला म्हणून नेऊन जन्मभर चार फुटी साखळीला बांधलेली कुत्री मीही पाहिली आहेत. जातिवंत कुत्रं असेल तर पिल्लं काढून विकायला नेणारे हमखास येतात, तिथे नसबंदी आधी, दत्तक नंतर, यात दयामाया नाही. फक्त हे प्रकार बंगल्यांतही चालतात, तेवढं म्हणायचं आहे. आणि पगार अजिबात बघू नका असंही नाही. आजारी जनावर देत असाल तर औषधाचा आकडा समोर ठेवा आणि तोंडाकडे बघा.

अजून एक राहिलं. या दीड महिन्यात पिल्लाचे दात तुम्हाला किंवा घरात कुणाला लागले असतील, खेळताना का असेना आणि नुसता ओरखडा का असेना, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची असते. केलं नसेल तर आज जा. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पिल्लू एवढंसंच आहे, घरातलंच आहे, हा युक्तिवाद तिथल्या डॉक्टरांपुढे करू नका.

आणि ताई, तुम्ही हे वाचत असाल तर, बाणेरवाल्यांचा तो फॉर्म 'फॉर्म कसा भरावा' म्हणून तुमच्या ग्रुपवर अजून सगळ्यात वर लावलेला आहे असं मला कळतं. तेवढा काढा.