९६ टक्के अचूकता, अन् वर्गात सगळेच रागावलेले

प्रश्न थोडक्यात असा: शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, बारा मित्रांचे व्हिडिओ, चेहऱ्यावरून भावना ओळखणारं मॉडेल. लॅपटॉपवर अचूकता ९६ टक्के, पण नांदेडला वर्गात कॅमेरा लावला की निम्मी पोरं 'रागावलेली'. दादा म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो.

आधी ते ९६ बघू. व्हिडिओच्या फ्रेम काढल्यास, पत्त्यांसारख्या पिसल्यास, मग ८० टक्के शिकवायला अन् २० टक्के परीक्षेला अशा वाटल्यास, बरोबर? म्हणजे एकाच मित्राची एक फ्रेम शिकवायला गेली अन् तिची जुळी बहीण परीक्षेला बसली. मॉडेलनं भावना नाही, तुझे मित्र पाठ केलेत. वाटणी माणसागणिक कर: नऊ जण शिकवायला, तिघं त्यानं कधीच न पाहिलेले. आकडा धाडकन खाली येईल, येऊ दे. एफईआर-२०१३ या भावनांची नावं दिलेल्या चेहऱ्यांच्या प्रसिद्ध चित्रसंचावर माणसांची अचूकताच ६५ टक्क्यांच्या आसपास होती.

शिवाय 'राग करून दाखव' म्हटल्यावर मित्रानं जे केलं ते रागाचं सोंग. आमच्या घरात खरं चिडलेलं माणूस गप बसून भाकरी खातं.

मी हे तोंडावर आपटून शिकलोय. लातूरच्या एका शिकवणीवाल्यांना 'कोणतं पोरगं कंटाळलंय' हे स्क्रीनवर पाहिजे होतं. एप्रिल महिना, पत्र्याचं शेड, पश्चिमेला खिडकी. तिसऱ्या बाकावरची मुलगी चार वाजता 'रागीट', साडेचारला अजूनच रागीट. जवळ जाऊन बघतो तर उन्हानं डोळे बारीक, भुवया आवळलेल्या. खिडकीला पोतं बांधलं, राग गेला! मागचा एक पोरगा सारखा 'आनंदी'. तो दाढेत अडकलेलं जिभेनं काढायलता. काम मी सोडलं, पैसेही बुडाले.

पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक दिले. भुवया खाली ओढल्या तर ४, गाल वर चढले तर ६, ओठांचे कोपरे वर गेले तर १२. एवढं कॅमेऱ्याला मोजता येतं. पण हा ४ रागाचा, उन्हाचा, की गणित सुटेना म्हणून, ते कॅमेऱ्याला कुठून कळणार? मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आधीच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला, त्याचंही म्हणणं हेच: नुसत्या चेहऱ्यावरून भावना खात्रीनं सांगता येत नाही. मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये आपल्या चेहरा-सेवेतून भावना ओळखण्याची सोय काढून घ्यायचं ठरवलं. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२५ पासून शाळेत अन् कामाच्या ठिकाणी हे वापरायला, वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण सोडलं तर, बंदीच आहे.

म्हणून प्रकल्पाचं नाव बदल. 'भावना ओळख' खोडून 'चेहऱ्याच्या हालचालींची नोंद' कर. ओपनफेस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, हालचालींचे क्रमांक अन् त्यांची तीव्रता देतं. प्रत्येकाचा निवांत चेहरा आधी नोंदव. काहींच्या भुवया जन्मतःच जवळ असतात, माझ्या आहेत. वर्गातल्या पोरांचं चित्रण करायचं तर पालकांची लेखी परवानगी घे, तोंडी नको.

नव्या वाटणीनंतरचा कन्फ्युजन मॅट्रिक्स, म्हणजे खरी भावना कोणती अन् मॉडेलनं कोणती सांगितली याचा तक्ता, इथं टाक. एफईआर-२०१३ वापरलास तर 'किळस'ची ओळ आधी बघ. ३५,८८७ चित्रांत तिची फक्त ५४७ आहेत.