ओढ्याचं पाणी सुधारायचा प्लॅन करायचाय, आधी गाळ काढू की झाडं लावू?

तुम्ही म्हणताय ओढा घाण झालाय आणि हातात थोडाच निधी आहे. मी म्हणेन दोन्ही जरा थांबवा, आधी चालत जा. घाण दिसते तिथून वरच्या अंगाला, पार उगमापर्यंत, आणि जिथे जिथे दुसरा ओहोळ येऊन मिळतो तिथे त्याच्या वर एक आणि खाली एक असे नमुने घ्या. खालच्या नमुन्यात घाण वाढलेली निघाली की चोर त्या ओहोळातच आहे समजा.

पण नुसतं मिलिग्रॅम बघून घाबरू नका, प्रवाहही मोजा. समजा एका बारक्या नाल्यात नायट्रेट (खतातून, सांडपाण्यातून येणारा नायट्रोजनचा क्षार) लिटरमागे २० मिलिग्रॅम आहे पण तो वाहतो सेकंदाला १० लिटर, म्हणजे दिवसाला साधारण सव्वासतरा किलो. आणि मोठ्या ओढ्यात फक्त २ मिलिग्रॅम, पण वाहतो १००० लिटर, तर होतात १७३ किलो! सगळे मात्र नाल्याच्याच मागे लागतात, कारण वास त्याचा येतो.

एकदा कोरड्या दिवसात मोजा, एकदा पहिल्या मोठ्या पावसात. कोरड्यातही आकडा चढाच राहिला तर बहुतेक सांडपाणी कुठूनतरी सारखं येतंय, पावसातच उसळला तर शेतं, रस्ते, उघडी माती (फॉस्फरस बराचसा मातीच्या कणांना चिकटूनच येतो).

माझी एक फजिती सांगतो. मी ऑक्सिजन नेहमी दुपारी मोजायचो, रीडिंग मस्त यायचं, तरी मासे मरत होते. मग एकदा पहाटे उजाडायच्या आत गेलो तर मीटर लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच ओढून घेतं, हे वाचलेलं होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं. मीटर पहाटेच न्या.

नकाशावर अजून स्वच्छ असलेले झरे-ओहोळही मार्क करा आणि पैसे आधी तिथे घाला, काठाचा झाडोरा राखणं बिघडलेलं दुरुस्त करण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं. खत कमी केलं तरी भूजलातलं जुनं नायट्रेट झिरपत राहतं, कधीकधी कित्येक वर्षं, त्यामुळे दुसऱ्याच वर्षी प्लॅन फसला म्हणू नका.

गाळाचं मशीन सगळ्यात शेवटी बोलवा. वरून माती येणं थांबलं नसेल तर पावसाळा तो खड्डा पुन्हा भरून टाकतो.