ट्रस्टची घाई नको, राजीनाम्याची तर नकोच

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय 46, पुण्यात आयटी कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट, पगार वर्षाला 90 लाख. अझीम प्रेमजींसारखं सगळं सोडून समाजासाठी काम करायचं आहे. बीड जिल्ह्यातल्या गावी अभ्यासिका काढायची आहे. त्यात दीड कोटी घालून मार्चमध्ये राजीनामा देतो. पब्लिक ट्रस्ट काढू की सेक्शन 8 कंपनी (ना-नफा कंपनी)? 80जीचा (दानावरच्या करवजावटीचा) फायदा किती? म्युच्युअल फंड 1 कोटी 40 लाख, पीएफ 60 लाख, ईसॉप (ठरलेल्या किमतीत कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) कागदावर 3 कोटी (कंपनी अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नाही), गृहकर्ज 35 लाख बाकी. घरखर्च महिना दीड लाख. मुलगा बारावीत, मुलगी आठवीत, आई-वडील आमच्याकडेच. खर्चाची चिंता नाही, कारण 12 टक्के गॅरंटीड पॉलिसी आहे. वर्षाला 10 लाख असे 10 हप्ते. चार भरले, पाचवा जूनमध्ये. तेराव्या वर्षापासून दरवर्षी 12 लाख, 20 वर्षं.

उत्तर : गावाबद्दलची तुमची कळकळ खरी आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. ट्रस्ट की कंपनी हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं.

ती पॉलिसी 12 टक्क्यांची नाही. एक कोटी भरल्यावर वर्षाला 12 लाख, म्हणून एजंटने 12 टक्के म्हटलं. पण तुमच्या तपशिलात ते एक कोटी परत मिळत नाहीत, आणि पहिला पैसा हातात यायला 12 वर्षं जातात. हिशेब मांडला तर परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास निघतो. बँकेच्या मुदत ठेवीला नावं ठेवणाऱ्या माणसाला असलं काही विकणं हा उघड अन्याय आहे, आणि दर महिन्याला असं एक तरी पत्र माझ्याकडे येतं.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. सहा हप्ते बाकी म्हणजे 60 लाख. मार्चमध्ये पगार थांबला की जूनचे 10 लाख कुठून आणणार? आणि 12 लाख सुरू होतील तेव्हा तुम्ही 54 चे असाल. मधली आठ वर्षं घर कशावर चालणार? शिवाय आज तुमचा खर्च 18 लाख आहे, तेव्हा तो 28-30 लाख झालेला असेल.

आता हातातला पैसा मोजू. फंड आणि पीएफ मिळून 2 कोटी. त्यातून दीड कोटी दान आणि 35 लाख कर्ज वजा केलं की उरतात 15 लाख. दहा महिन्यांचा घरखर्च. मुलाची इंजिनिअरिंगची फी त्यात नाही, आई-वडिलांचं आजारपण नाही. कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर जातो हेही लक्षात असू द्या. 46 व्या वर्षी कायमचं थांबायचं तर तुमच्या खर्चाला 6 कोटी तरी हवेत.

ईसॉप मी मुद्दामच धरले नाहीत. अनलिस्टेड कंपनीचे शेअर विकत घेणारा मिळेपर्यंत तो पैसा नव्हे. बऱ्याच कंपन्यांत नोकरी सोडली की ठरावीक दिवसांत, अनेकदा तीन महिन्यांत, ऑप्शन वापरावे लागतात. नाहीतर ते बुडतात. वापरले की ठरलेली किंमत आणि शेअरची तेव्हाची किंमत यांतला फरक पगार समजून कर लागतो. तीन कोटींवर तो एक कोटीच्या वर जाईल, आणि शेअर विकता येत नसताना तो रोख भरावा लागेल. तुमचं ग्रँट लेटर (ईसॉप देताना कंपनीने दिलेलं पत्र) काढून ते कलम आजच वाचा.

प्रेमजींचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते उलटं वाचलंत. 1966 मध्ये वडील गेले तेव्हा ते स्टॅनफर्डमधलं शिक्षण सोडून परतले आणि 21 व्या वर्षी अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झालेली कंपनी, म्हणजे आजची विप्रो, हाती घेतली. शाळांसाठी काम करणारं त्यांचं फाउंडेशन निघालं 2000 च्या सुमारास. कार्यकारी अध्यक्षपद सोडलं ते 2019 मध्ये, वयाच्या 74 व्या वर्षी. त्याच वर्षी मार्चमध्ये विप्रोच्या 67 टक्के मालकीचा आर्थिक लाभ फाउंडेशनकडे गेल्याचं जाहीर झालं; तो धरून त्यांचं एकूण दान सुमारे 1 लाख 45 हजार कोटींचं झालं. त्यांनी झाड तोडून लाकूड वाटलं नाही, झाडाची फळं संस्थेच्या नावावर केली. शाळांचं काम त्या शेअरच्या लाभांशातून आणि विक्रीतून चालतं. तुमचं झाड आज तुमचा पगार आहे.

आता तुमचा प्रश्न. 80जीमध्ये, तेही जुन्या करप्रणालीत, अशा संस्थेला दिलेल्या दानाची साधारणपणे उत्पन्नाच्या 10 टक्क्यांपर्यंतचीच रक्कम धरतात आणि त्याच्या निम्मी वजावट मिळते. 90 लाखांवर 9 लाख, निम्मे साडेचार, कर वाचला दीड लाख. दान दीड कोटी, बचत दीड लाख. राजीनाम्यानंतरच्या वर्षात दान केलंत तर तेवढीही नाही. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, दरवर्षी ऑडिट येतं, ट्रस्टची जागा विकायलाही आयुक्तांची परवानगी लागते. एकदा घातलेला पैसा मुलीच्या फीसाठी परत काढता येत नाही.

आणि अभ्यासिकेला दीड कोटी लागतात कुठे? तालुक्याच्या गावातल्या अशा खोल्या मी पाहिल्यात. पत्र्याखाली दोन लांब टेबलं, पंचवीस खुर्च्या, भिंतीवर एमपीएससीचं वेळापत्रक, दाराशी चपलांचा ढीग, आणि रात्री अकराला कुलूप लावणारा एक भरवशाचा माणूस. माझ्या अंदाजाने भाडं 5 हजार, त्या माणसाला 10, वीज-इंटरनेट 3, वर्तमानपत्रं-पुस्तकं 2. महिन्याला 20 हजार, वर्षाला 2 लाख 40 हजार. हे तुम्ही पगारातून, ट्रस्टशिवाय, या दिवाळीपासून करू शकता. अडेल तर तो भरवशाचा माणूस मिळण्यावर अडेल. त्यासाठी चार शनिवार गावी जा.

तीन वर्षं खोली नीट चालली तर ट्रस्ट काढा. तुमच्या आकाराच्या कामाला ट्रस्ट पुरतो, सेक्शन 8 कंपनीचे सोपस्कार नकोत. तोवर गृहकर्ज संपवा, घराचा स्वतंत्र आरोग्यविमा घ्या आणि शुद्ध टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा) नसेल तर तोही; पत्रात त्याचा उल्लेखच नाही.

पॉलिसी बहुधा पेड-अप करावी लागेल. पुढचे हप्ते बंद, आणि भरलेल्या चार हप्त्यांच्या प्रमाणात कमी रक्कम, ढोबळमानाने वर्षाला पावणेपाच लाख, त्याच वेळापत्रकाने. नेमका आकडा विमा कंपनीकडून लेखी मागवा, एजंटकडून तोंडी नको. जूनच्या हप्त्याआधी तो कागद मला पाठवा.